सेर्वांदो ओनेतो यांचा रीतसर प्रवास

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, कादिझ शहराच्या ला विन्या मोहल्ल्यात, 'झोपाळू खेकडा' नावाच्या होस्टेलात सेर्वांदो ओनेतो, वय सदुसष्ट, हे प्रवासी म्हणून दाखल झाले. सामान : एक चामडी बॅग आणि एक इस्त्री. ज्या घरात त्यांचा जन्म झाला ते घर बसथांब्यावरून येताना वाटेत लागले. तिथून होस्टेलच्या दारापर्यंतची पावले त्यांनी मोजली. दोनशे दहा भरली.

घर सुटण्याचे कारण साधे होते. घरमालकाच्या लक्षात आले की, या घरात वर्षानुवर्षे एकच माणूस राहतो आहे. त्याऐवजी दर तीन दिवसांनी वेगळी माणसे राहिली तर इमारतीला चैतन्य येईल. सेर्वांदो यांनी अडतीस वर्षे गोदीत जहाजांवर नावे रंगवली होती. जहाजे जगभर गेली, ते स्वतः कुठेही गेले नाहीत. घर सुटल्यावर दोन महिने ते थोरल्या भावाच्या विधवेकडे, एन्कार्नावहिनींकडे, सातव्या मजल्यावर राहिले. तिथून समुद्र दिसे. पण ला विन्यातल्या माणसाला समुद्र दिसावा लागत नाही; त्याला सकाळी खालच्या दुकानातल्या तळणाचा वास यावा लागतो, आणि त्या वासावरून आज जवळ्याची धिरडी कोण तळते आहे, नवरा की बायको, हे ओळखता यावे लागते. सातव्या मजल्यावर ते शक्य नव्हते. मोहल्ल्यात भाड्याने घर उरले नव्हते. खाट मात्र होती.

नोंदणीच्या टेबलाशी कासिल्दा बसली होती. वय एकसष्ट, माहेर सेर्वांदो यांच्या समोरच्या जिन्यात.

"नाव?" ती म्हणाली.

"कासिल्दा, लहानपणी चर्चमध्ये माझ्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला तू माझ्या पांढऱ्या बुटांवर ओकली होतीस."

"त्याला रकाना नाही. नाव?"

त्यांनी नाव सांगितले. कायमच्या राहण्याचा पत्ता सांगितला. यंत्राने तो परत केला.

"हाच मोहल्ला चालत नाही," कासिल्दा म्हणाली. "प्रवासी म्हणजे राहतं घर सोडून आलेला माणूस. ही माहिती पोलिसांकडं जाते, मला खोटं भरता येत नाही."

"मी राहतं घर सोडूनच आलोय."

"सोडून यायचं म्हणजे ते मागं असायला लागतं, सेर्वांदो. तुझं मागं आहे का?"

सेर्वांदो यांनी विचार केला आणि नाही म्हणाले.

"काल कुठं झोपला होतास?"

"एन्कार्नावहिनींकडं. वेशीबाहेर."

कासिल्दाचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचं नाही का? तू तर परमुलखातून आलायस."

हे तिने थट्टेने म्हटले नव्हते. कादिझचे जुने शहर जिथे संपते तिथे दगडी वेस आहे. वेशीच्या आतले लोक बाहेरच्यांना बेदुइन म्हणतात, आणि वेशीबाहेर बस, बँका व रुग्णालय असले तरी तिथून पुढे वाळवंट सुरू होते अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. कासिल्दाने आगमनाचे ठिकाण म्हणून वहिनींचा पत्ता भरला. यंत्राने तो घेतला. प्रवासाच्या प्रयोजनात व्यवसाय, विश्रांती, आरोग्य आणि तीर्थयात्रा असे चार पर्याय होते. 'राहायचे आहे' हा पर्याय नव्हता. तिने विश्रांतीवर खूण केली. खोली तीन, खालची खाट, तीन-ब.

होस्टेलचा मालक टोर्बेन हा डेन्मार्कचा. घड्याळ, नियम आणि वक्तशीरपणा यांना कंटाळून तो नऊ वर्षांपूर्वी कादिझला आला, आणि निवांत जगणे म्हणजे काय हे इथल्या लोकांना नीट माहीत नाही असे त्याला आढळले. म्हणून त्याने होस्टेल काढले. आत शिरताच भिंतीवर मोठा फलक होता : 'इथे नियम नाहीत.' खाली त्याचे एकतीस पोटनियम होते. पहिला, पायांत बूट असू नयेत. दुसरा, सर्वांनी सर्वांना अरे-तुरे करावे. सातवा, कपाळाला आठी असलेल्या पाहुण्याने गच्चीवर जाऊन यावे. अकरावा, झुल्यात पडून राहण्याची वेळ प्रत्येकाने आदल्या दिवशी वहीत नोंदवावी आणि नोंदवलेल्या वेळी झुल्यात हजर राहावे. दोनदा गैरहजर राहिल्यास झुला बंद. एकोणिसावा, प्रवाह अडवू नये, म्हणजे चौदा रात्री झाल्या की पाहुण्याने एक रात्र तरी दुसरीकडे काढावी.

सेर्वांदो यांनी आयुष्यभर गोदीचे नियम पाळले होते. त्यांना काहीच जड गेले नाही. झुल्यात ते साडेचार ते पाच पडत आणि पाच वाजता उठून वहीत सही करत. चौदा रात्रींनी त्यांनी बॅग उचलली, बसने वाळवंटात गेले, वहिनींकडे झोपले, सकाळी वेशीतून आत आले आणि पुन्हा विश्रांतीसाठी दाखल झाले. पोलिसांच्या नोंदीनुसार त्या उन्हाळ्यात कादिझला सर्वाधिक वेळा भेट देणारे पर्यटक तेच होते.

मग तक्रार आली. खोलीतल्या कुणीतरी बुकिंगच्या साइटवर लिहिले होते : 'खाट मऊ, वायफाय चांगले, पण खोलीत एक म्हातारा आहे. सहाला उठतो, शर्टाला इस्त्री करतो, दाढी करतो आणि आपल्याला उशीर होतोय असे वाटायला लावतो.' पाचपैकी दोन तारे.

टोर्बेनने त्यांना गच्चीवर बोलावले.

"सेर्वांदो, तुझ्यावर माझा राग नाही. राग हा इथला प्रकारच नाही. पण तू कामावर निघाल्यासारखा दिसतोस."

"मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली."

"तेच म्हणतोय. निवृत्त माणूस इतका टापटीप दिसायला नको. लोक इथं निवांत व्हायला येतात. तुला बघून त्यांना आपापले वडील आठवतात."

"मग काय करू?"

"प्रवाशासारखा राहा. पाठीवर पिशवी घे. इस्त्री कपाटात ठेव. आणि रोज अकराला मोहल्ल्याची पायी फेरी निघते, तिच्यात जा. नाही गेलास तर खाटेचा विचार करावा लागेल. शांतपणे करू, पण करावा लागेल."

सेर्वांदो यांनी पिशवी घेतली. कुणीतरी विसरून गेलेली होती, तिच्यावर एका डोंगराचे चित्र होते. पाठीवर टाकल्यावर ती रिकामी दिसू नये म्हणून त्यांनी तिच्यात इस्त्री ठेवली.

फेरीचा वाटाड्या इन्यिगो हा वायादोलिदचा, म्हणजे देशाच्या पार आतल्या भागातला, आणि कादिझला येऊन त्याला पाच महिने झाले होते. त्याने सगळ्यांना सेर्वांदो यांच्या जुन्या घरासमोर उभे केले.

"ही इमारत पाहा," तो म्हणाला. "इथं पिढ्यान्‌पिढ्या खरी कादिझची कुटुंबं राहतात. संध्याकाळी आज्या दारात खुर्च्या टाकून बसतात."

दारात चावीच्या चार पेट्या होत्या, आकडे दाबून उघडण्याच्या. वरच्या खिडकीतून एक पोहण्याची चड्डी लोंबत होती.

"तिथं कुणी राहत नाही," सेर्वांदो म्हणाले. "शेवटचा मी होतो. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराचा नळ गळतो, तो अजून गळत असणार."

लोकांनी वळून पाहिले. इन्यिगो हसला आणि त्यांना बाजूला घेऊन गेला.

"काका, तुम्ही फेरीला आलाय ना? मग जरा नवल वाटू द्या. सगळ्यांना वाटतंय."

"मला कसं वाटेल? मी इथं जन्मलो."

"ते मला कळतंय. पण फेरी संपल्यावर वाटाड्याला तारे द्यायचे असतात, आणि तुमच्यामुळं माझे कमी होतील. माझीपण खोली आहे, काका. वेशीबाहेर, तिघांत एक."

त्यानंतर सेर्वांदो यांना नवल वाटू लागले. पहिल्या आठवड्यात ते कसेबसे वाटे, दुसऱ्या आठवड्यात चांगले जमले. मासळी बाजारासमोर त्यांनी "अरे वा" म्हटले. ज्या चर्चमध्ये त्यांचे लग्न झाले होते त्याचा त्यांनी फोटो काढला. ज्या खानावळीत त्यांचे तीस वर्षे उठणेबसणे होते तिथे इन्यिगोने त्यांना गरम जवळ्याचे धिरडे कसे धरायचे ते दाखवले, आणि त्यांनी ते तसे धरले. गल्ल्यावरचा मानोलो त्यांच्याकडे बघत राहिला, पण गिऱ्हाईक म्हणून काही बोलला नाही.

इथवर सगळे सुरळीत होते. बिघडले ते कौतुकाने.

फेम्का नावाची एक हॉलंडची मुलगी वरच्या खाटेवर, तीन-अ मध्ये आली. एका सकाळी तिने सेर्वांदो यांना विचारले, इथे चांगली कॉफी कुठे मिळते? ते तिला घेऊन गेले. वाटेत चार माणसांनी त्यांना नावाने हाक मारली आणि मानोलोने बऱ्याच दिवसांचा राग काढून त्यांना पिशवीवरून शिव्या दिल्या. फेम्काने साइटवर लिहिले : 'खोली तीनमध्ये एक खरा स्थानिक माणूस आहे. खराखुरा. त्याला गल्लीतले लोक ओळखतात. सगळ्या प्रवासात असे पहिल्यांदाच पाहिले.' पाच तारे.

आठ दिवसांत खोली क्रमांक तीन पुढच्या महिनाभरासाठी भरली. टोर्बेनने सेर्वांदो यांना पुन्हा गच्चीवर बोलावले.

"पिशवी काढ. इस्त्री बाहेर काढ. सहाला ऊठ. शक्य असेल तर साडेपाचला."

"आणि फेरी?"

"फेरी आता तुझ्या खाटेपाशी येईल."

साइटवर खोलीच्या वर्णनात ओळ चढली : 'खाजगी कुलूपपेटी, पंखा, अस्सल रहिवासी.' सकाळी सहाला खोलीच्या दारात पाच-सहा पाहुणे उभे राहू लागले. सेर्वांदो दाढी करत आणि ते शांतपणे पाहत. एकाने विचारले, इस्त्री नेहमी कॉलरपासूनच सुरू करतात का? सेर्वांदो म्हणाले, बायको तशी करायची. त्याने ते टिपून घेतले. खाट पक्की झाली होती, एवढे सेर्वांदो यांना पुरे होते.

पर्यटक-निवास तपासणी कक्षाच्या आउरेलिया बाई आल्या त्या दिवशी पूर्वेचा वारा सुटला होता. हा वारा सुटला की कादिझमध्ये कोणी कोणाचे बोलणे मनावर घेत नाही आणि त्या दिवशी ठरलेले काहीही दुसऱ्या दिवशी मोडता येते. पण तपासणीच्या कागदावर वाऱ्याचा रकाना नाही. बाई खोली तीनमध्ये गेल्या, खाट मोजली, पंखा मोजला आणि सेर्वांदो यांच्यापाशी थांबल्या.

"तुम्ही प्रवासी आहात का?"

"कागदावर."

"मी कागदावरचंच विचारतेय. साइटवर लिहिलंय अस्सल रहिवासी. रहिवासी असाल तर तुम्हाला इथं झोपता येणार नाही, ही जागा प्रवाशांसाठी आहे. आणि प्रवासी असाल तर जाहिरात खोटी. लोक लांबून येतात हो, अस्सल बघायला."

"दोन्हीतलं कमी वाईट कोणतं?"

"दोन्हीला वेगवेगळा अर्ज आहे."

टोर्बेन अनवाणी धावत आला. आउरेलिया बाईंनी त्याला हाताने थांबवले. त्या मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी खाटेच्या कडेवर बसून सेर्वांदो यांना सगळे समजावून सांगितले. रहिवासी ठरायचे तर रहिवास दाखला हवा. दाखल्याला पत्ता हवा. जुन्या पत्त्यासमोर आता 'अल्पकालीन निवास, इथे माणूस राहत नाही' अशी नोंद होती. होस्टेलचा पत्ता देता येत नव्हता, कारण इथे कायमचे कोणी राहू शकत नाही. इथे फक्त प्रवासी राहतात. आणि प्रवासी ठरायचे तर कायमचे राहणे दुसरीकडे आहे हे सिद्ध करायला हवे.

"दुसरीकडं आहे," कासिल्दा दारातून म्हणाली. "तो एन्कार्नाकडून येतो. वेशीबाहेरून."

बाईंचे पेन थांबले. "वेशीबाहेरून?"

"दर चौदा दिवसांनी."

आउरेलिया बाईंचा जन्म आतल्याच पोपुलो मोहल्ल्यातला. त्यांनी थोडा विचार केला. "परका मुलूख आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "मग त्या बाईंचं सहीचं पत्र आणा, की हे कायमचे माझ्याकडं राहतात. ते आणा, किंवा रहिवास दाखला आणा. येत्या सोमवारी दुपारी बारापर्यंत. दोन्हीपैकी काही नसेल तर तुम्ही कोण हे ठरेपर्यंत खाट रिकामी करावी लागेल."

दाखल्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते. सेर्वांदो यांनी फोन केला. पहिली मोकळी वेळ फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आठवड्यात होती, आणि त्या आठवड्यात कचेरी बंद असते. तरीही त्यांनी ती मागितली. पलीकडचा आवाज म्हणाला, वेळ निश्चित झाल्याचे पत्र घरच्या पत्त्यावर येईल.

मग त्यांनी एन्कार्नावहिनींना फोन केला.

"पत्र देते की भावजी, त्यात काय," वहिनी म्हणाल्या. "पण लिहू काय? तुमची खोली मी गेल्याच आठवड्यात साइटवर टाकली."

"माझी खोली?"

"तुमचीच. समुद्र दिसतो ना तिथून. 'अस्सल कादिझकराच्या घरी राहा' असं लिहिलंय. ते तुमच्या होस्टेलचंच बघून लिहिलं, छान लिहिलंय त्यांनी."

"वहिनी, तुम्ही वेशीबाहेर राहता."

"परदेशातल्या लोकांना वेस दिसत नाही, भावजी. आता तिथं तुम्ही कायमचे राहता असं मी सही करून दिलं तर माझी खोली जाईल. तिथं कुणी राहत नाही, असं मी लिहून दिलंय."

सेर्वांदो यांनी बोटांवर रात्री मोजल्या. सोमवारी त्यांच्या चौदा रात्रीही पुऱ्या होत होत्या.

"आणि सोमवारची रात्र?" त्यांनी विचारले.

"त्या दिवशी दोघं नॉर्वेची आहेत. बाल्कनीत गादी टाकते, पण त्यांना आधी विचारावं लागेल. त्यांनी खोलीबरोबर बाल्कनी घेतलीय. तुम्ही जेवायला मात्र या. चणे-पालक करते. त्यांना सांगेन, दीर आहे, अस्सल आहे, आवडेल त्यांना."

सोमवारी सकाळी अकरा वाजता एकोणिसाव्या पोटनियमानुसार यंत्राने खाट तीन-ब मोकळी केली. कोणाला काही दाबावे लागले नाही. सेर्वांदो टेबलासमोर इस्त्री केलेला शर्ट घालून उभे होते. टोर्बेन गच्चीवरून खाली आला.

"मी रात्रभर विचार केला," तो म्हणाला, "आणि मला असा विचार करायला आवडत नाही. ऐक. झोपायचं सोडून बाकी सगळं तुला इथं करता येईल. सकाळी सहाला ये, दाढी कर, इस्त्री कर, दहा ते सहा झुल्यात बस. झुल्याच्या वहीतून तुला सूट."

"आणि झोपू कुठं?"

"तुला वातावरण म्हणून ठेवतोय. झोप वातावरणात येत नाही."

"सहाला यायचं तर कुठूनतरी यायला लागेल, टोर्बेन."

"कुठूनही ये. तुझ्यावर बंधन नाही."

कासिल्दा यंत्राकडे पाहत होती. "कोण आहेस ते ठरवायला निदान एक माणूस तरी बसवायला हवा होता त्यांनी," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

"पांढरे बूट."

सेर्वांदो हसले नाहीत. रस्त्यावर इन्यिगोची अकराची फेरी जुन्या घराकडे वळत होती, आणि फेरीतले काहीजण होस्टेलच्या दारातून आत डोकावून सेर्वांदो यांचा फोटो काढून गेले.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी खाट तीन-ब साठी नवी मागणी आली. दोन रात्री, आजपासून. नाव, आडनाव आणि पारपत्राचा क्रमांक बरोबर भरलेला. कायमचे राहणे : पुणे. प्रयोजन : विश्रांती. विशेष विनंतीच्या रकान्यात लिहिले होते : 'पर्यटकांची गर्दी असलेली जागा नको. मोहल्ल्यातली खरी माणसे राहतात तिथेच राहायचे आहे. साइटवर ज्या आजोबांचा उल्लेख आहे त्यांचीच खोली मिळाल्यास उत्तम. सकाळी ते उठतात तेव्हा मलाही उठवावे.'

कासिल्दाने विनंती मोठ्याने वाचून दाखवली. सेर्वांदो म्हणाले, पुणे कुठे आले? तिने यंत्रात पाहिले आणि म्हणाली, वेशीबाहेर, खूपच लांब. टोर्बेन म्हणाला, होकार दे.

होकार देण्याची मुदत आणि आउरेलिया बाईंची मुदत एकच होती. बारा वाजायला पाच मिनिटे असताना आउरेलिया बाई चौकाच्या कोपऱ्यावर दिसल्या. त्या वेळेपर्यंत कासिल्दाने होकाराचे किंवा नकाराचे कोणतेच बटण दाबले नव्हते.